मैदानापासून दुरावलेली क्रीडापत्रकारिता

सामन्याचा निकाल कळवणे हा क्रीडापत्रकारितेचा सर्वांत सोपा भाग असून, तो निकाल कसा लागला, खेळाडू कोणत्या व्यवस्थेतून घडला आणि ती व्यवस्था चालवणाऱ्या संघटनांचा कारभार कसा आहे, हे वाचकाला उलगडून सांगणे हे तिचे खरे काम होय. मराठीत या कामाला प्रतिष्ठा मिळवून देण्यात ‘महाराष्ट्र टाइम्स’चे क्रीडासंपादक वि. वि. करमरकर यांचा वाटा मोठा आहे. दैनिकात खेळाला हक्काची जागा मिळाली ती त्यांच्या पिढीच्या आग्रहामुळे. आज वृत्तपत्रे आणि संकेतस्थळे मिळून खेळाविषयी त्या काळाच्या कितीतरी पट मजकूर प्रसिद्ध होतो, परंतु त्यात प्रत्यक्ष खेळ फार थोडा उरला आहे.

1 ऑगस्ट 2024 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे याने पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हा ही उणीव ठळकपणे जाणवली. या प्रकारात नेमबाजाला गुडघ्यावर बसून, पोटावर झोपून आणि उभे राहून अशा तीन स्थितींत नेम साधावा लागतो. त्यांपैकी उभी स्थिती सर्वांत कठीण मानली जाते, कारण तिच्यात रायफलीचा भार पेलताना शरीराला जमिनीचा आधार सर्वांत कमी मिळतो. पहिल्या दोन स्थितींनंतर पदकाच्या स्थानांबाहेर असलेल्या कुसळेने याच उभ्या स्थितीत प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकले आणि 451.4 गुणांसह तिसरा क्रमांक गाठला. पदकाची सगळी गोष्ट या शेवटच्या टप्प्यात होती. तरीही बहुतेक बातम्या तो रेल्वेत तिकीट तपासनीस आहे आणि महेंद्रसिंह धोनीला आदर्श मानतो, या दोनच तपशिलांभोवती घोटाळत राहिल्या. कैरोच्या जागतिक स्पर्धेत चौथा येऊन त्याने ऑलिंपिकचा कोटा, म्हणजे देशाच्या एका नेमबाजासाठी राखीव जागा, 2022 मध्येच मिळवून दिला होता. त्यानंतरच्या पावणेदोन वर्षांत त्याच्या तयारीची दखल मराठी क्रीडापानांनी क्वचितच घेतली.

या घसरणीमागे पैशाचे गणित आहे. आयपीएलच्या 2023 ते 2027 या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क, म्हणजे सामने दाखवण्याचा अधिकार, 48,390 कोटी रुपयांना विकले गेले. एवढी रक्कम मोजणाऱ्या कंपन्यांना स्पर्धेविषयीचा उत्साह सतत चढाच ठेवावा लागतो, आणि त्यामुळे रटाळ सामन्याला रटाळ म्हणणारा आवाज त्यांना परवडत नाही. 2016 च्या आयपीएलपूर्वी हर्षा भोगले यांना समालोचनातून वगळण्यात आले, तेव्हा त्याचे कारणही जाहीर केले गेले नाही. वार्ताहराची अडचण याहून निराळी नाही. मैदानात शिरण्याचे अधिकृत प्रवेशपत्र आणि खेळाडूची मुलाखत या दोन्ही गोष्टी ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांच्याच हाती असल्याने, नको असलेला प्रश्न विचारण्याची किंमत त्याला पुढच्या मालिकेत मोजावी लागू शकते. त्यातच कार्यालयाने प्रवासखर्च बंद केला की जिल्हा पातळीवरच्या कबड्डी स्पर्धेला कोणी जात नाही, आणि एखाद्या क्रिकेटपटूने समाजमाध्यमावर टाकलेल्या छायाचित्रावरून मात्र टेबलावर बसल्या बसल्या चार बातम्या तयार होतात.

याचे सर्वांत गंभीर परिणाम खेळाडूंना भोगावे लागतात. महिला कुस्तीपटूंच्या लैंगिक छळाच्या तक्रारी देशाला कळल्या त्या जानेवारी 2023 मध्ये नामवंत मल्ल दिल्लीच्या जंतरमंतरवर धरणे धरून बसल्यावर. कुस्ती महासंघाचे वार्तांकन वर्षानुवर्षे होत असताना त्या आधी का बाहेर आल्या नाहीत, हा प्रश्न क्रीडापत्रकारितेला टाळता येणार नाही. अमेरिकेत जिम्नॅस्टिक्स महासंघ अशाच तक्रारी कसा दडपतो, याचा शोध ‘इंडियानापोलिस स्टार’ या एका शहराच्या दैनिकाने घेतला. ऑगस्ट 2016 मध्ये तो वृत्तांत छापून येताच रेचल डेनहॉलंडर या माजी जिम्नॅस्टने दैनिकाशी संपर्क साधून संघाचा डॉक्टर लॅरी नासर याच्याविषयी सांगितले. त्यानंतर पीडित खेळाडू एकामागून एक पुढे आल्या आणि नासरला उरलेले आयुष्य तुरुंगातच जाईल इतक्या दीर्घ कैदेच्या शिक्षा झाल्या. या शोधासाठी दैनिकाच्या वार्ताहरांनी न्यायालयीन कागदपत्रे मिळवून वाचली होती, आणि त्यांना तेवढा वेळ देण्याची संपादकांची तयारी होती.

भारतात 2025 मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत केला. महासंघांवर देखरेख ठेवण्यासाठी त्यात राष्ट्रीय क्रीडा मंडळाची तरतूद आहे, परंतु माहितीच्या अधिकाराची कक्षा सरकारी अनुदान घेणाऱ्या संघटनांपुरती ठेवली आहे. त्यामुळे देशातील सर्वांत श्रीमंत क्रीडासंघटना असलेले क्रिकेट नियामक मंडळ त्या कक्षेबाहेर राहते आणि त्याच्या बंद दाराआडचे निर्णय लोकांपुढे आणण्याची जबाबदारी, मैदानाच्या प्रवेशपत्रासाठी त्याच मंडळावर अवलंबून असलेल्या वार्ताहरावर येऊन पडते.