पाव मैलासाठी साधीच गाडी

ड्रॅग रेसिंग म्हणजे पाव मैलाचा, 402 मीटरचा सरळ पट्टा, दोन गाड्या आणि पलीकडे आधी पोचेल त्याची जीत. एवढीच माहिती असलेला माणूस पहिली गाडी निवडताना खिशाला झेपेल तेवढं मोठं इंजिन शोधणार, यात नवल नाही. पण या खेळाचं माहेर अमेरिका. वॉली पार्क्स यांनी 1951 साली तिथे नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. तिथले नवशिके बहुधा ब्रॅकेट रेसिंगमध्ये उतरतात, आणि त्या प्रकारात नुसत्या वेगाला फारशी किंमत नाही. त्यामुळे पहिली गाडी रोज कामावर नेण्याजोगी, ऑटोमॅटिक गिअरची, काहीही फेरफार न केलेली असावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण नियमांतच आहे. आपल्या गाडीला किती सेकंद लागतील हे चालक आधीच जाहीर करतो. अनेक जण तो आकडा बुटांच्या पांढऱ्या पॉलिशने काचेवरच लिहितात. एकाने 15.20 लिहिलं आणि दुसऱ्याने 12.70, तर पहिल्याला हिरवा दिवा अडीच सेकंद आधी मिळतो. लिहिलेल्या वेळेच्या आत पोचलात तर ‘ब्रेकआउट’, म्हणजे साधारणपणे हारच. आता समजा, संथ गाडीचा चालक हिरव्या दिव्यानंतर 0.080 सेकंदात हलला आणि त्याची धाव 15.22 ची झाली. वेगवान गाडीवाल्याने हलायला 0.250 लावले, धाव 12.71 ची. गाडी अडीच सेकंदांनी सरस असून, आणि लिहिलेल्या वेळेच्या जास्त जवळ धावूनही, दुसरा 0.160 सेकंदाने हरला. हे सगळं दिव्यांपाशी घडलं. अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने तीन पिवळे दिवे लागतात, मग हिरवा. जाणता चालक शेवटचा पिवळा दिसताच निघतो, आणि घाई झाली तर लाल दिवा लागून बाद होतो.

म्हणजे हवं ते सातत्य: हिरवा दिवा टिपणारी नजर आणि दर वेळी तेवढ्याच वेळात धावणारी गाडी. क्लच सोडण्यात नि गिअर बदलण्यात माणूस दर खेपेला थोडा चुकतो. ऑटोमॅटिकमध्ये ती चूक फारशी उरत नाही. मुरलेले ब्रॅकेट रेसरही जनरल मोटर्सचा जुना, दोनच गिअरचा पॉवरग्लाइड हौसेने वापरतात, तो याच कारणाने. टर्बो गाडी रांगेत तापली की पुढची धाव ढिली पडते. साध्या गाडीला तयारीही थोडीच लागते. रांगेत लागण्याआधी एसी बंद करायचा, नाहीतर त्याचं पाणी ट्रॅकवर ठिबकतं. आणि रस्त्याचे टायर असतील तर टायर तापवण्यासाठी ओल्या केलेल्या जागेला वळसा घालून पुढे जायचं, कारण खाचांत पाणी अडकून ते थेट सुरुवातीच्या रेषेवर येतं.

मुरलेला खेळाडू इथे हरकत घेईल की मागून येणाऱ्या वेगवान गाडीला समोरचा दिसतो, शेवटचं अंतर जोखता येतं. खरं आहे. पण ताशी 160 किलोमीटरला सेकंदाचा शंभरावा भाग म्हणजे जेमतेम 44 सेंटीमीटर. तेवढं नजरेने मोजायला शेकडो धावा गाठीशी लागतात. शिवाय वेगाबरोबर खर्चही चढतो. त्या संघटनेच्या नियमांत 13.99 सेकंद किंवा त्याहून कमी वेळ आली की हेल्मेट सक्तीचं, आणि 11.49 पासून बहुतेक जुन्या गाड्यांना रोल बार. तेवढ्या पैशांत सरावाच्या कितीतरी रात्री निघतात.

दुसरी हरकत आपल्याकडची. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग स्पर्धा झाल्या, पण भारतात गट सहसा इंजिनाच्या सीसीनुसार पडतात, मग संथ गाडी काय कामाची? गटात पहिलं यायला ती अपुरी पडेल, हे मान्य. मात्र सुरुवातीचे 60 फूट नीट सुटणं आणि दिवा न चुकवणं तीच स्वस्तात शिकवते. हा सराव सार्वजनिक रस्त्यावर केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तेही पहिल्याच गुन्ह्याला. मोटार विम्याच्या पॉलिसीत स्पर्धा आणि वेगचाचणी वगळलेल्या असतात, तेव्हा ट्रॅकवर गिअरबॉक्स गेला तर भुर्दंड मालकालाच. म्हणून हप्ते चालू असलेली नवी कोरी गाडी, कितीही साधी असली, तरी यासाठी नको.