बंदूक उरते, पट्टा जातो

संग्रहालयातल्या जुन्या बंदुका नीट पाहिल्या की एक उणीव हटकून जाणवते. नळी आहे, दस्ता आहे, चाप आहे. पट्टा अडकवायच्या दोन कड्याही जागच्या जागी आहेत, पण पट्टा नाही. लोखंड गंजत का होईना, तीनशे वर्षं काढतं आणि लाकूडही निभावून नेतं. कातडं आणि सूत मात्र कोकणच्या हवेत टिकाव धरत नाही. त्यामुळे बंदुकीचा इतिहास लिहिला गेला आणि पट्ट्याचा राहून गेला. खरं तर शिपायाच्या आयुष्यात बार उडवण्याचे क्षण थोडेच असतात. बाकीचा सगळा वेळ ते ओझं पट्ट्याच्याच आधारानं वाहिलं जातं.

आजच्या पालघर जिल्ह्यापुरतं पाहिलं तरी ही गोष्ट दूरवर मागे जाते. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेनं पोर्तुगिजांचा तारापूरचा किल्ला घेतला. मराठा सरदार बाजी भिवराव रेठरेकर याच मोर्च्यात कामी आले. पुढे मे महिन्यात वसई पडली. तो जमाना तोड्याच्या बंदुकांचा होता. जळती जामगी बंदुकीच्या कानाला लावून बार काढायचा. या बंदुकांची नळी लाकडाला पुष्कळदा कातडी वादीनं किंवा तारेनं आवळलेली असे. टिकून राहिलेल्या अनेक नमुन्यांवर पट्ट्याच्या कड्याही दिसतात.

कंपनी सरकारच्या पलटणींत तेलात मुरवलेल्या जाड कातड्याचे पट्टे आले. ते पांढऱ्या मातीनं रंगवायचे, कवायतीला उठून दिसायचे आणि एका पावसात बरबटायचे. पुढे तपकिरी, साली-फळांच्या अर्कात कमावलेलं कातडं रुळलं. इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण या कामात आपल्या मातीचा वाटा मोठा आहे. बाभळीची साल, तरवडाची साल आणि हिरडा हा देशी कमावण्याचा मसाला. कातडी कित्येक आठवडे त्या मसाल्याच्या पाण्यात मुरत ठेवायची, उलटीपालटी करायची, अर्क वाढवत न्यायचा. असं केलं की कच्चं कातडं सडायचं थांबतं. महाराष्ट्रात हे कष्टाचं, वासाचं काम ढोर समाजानं आणि शिवणकाम चर्मकारांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं. त्यांच्या हातचं काम फौजेनं वापरलं, पण त्यांची नावं कुठल्याच लढाईच्या वर्णनात येत नाहीत. सह्याद्रीतला हिरडा मुंबईमार्गे विलायतेच्या टॅनरींपर्यंत जात असे. परदेशच्या बाजारात हिरड्याची एक प्रत चक्क वेंगुर्ल्याच्या नावानं ओळखली जाई. फौजेसाठी कातडी सामान बनवणारा मोठा सरकारी कारखाना मात्र १८६० च्या दशकात कानपुरात उभा राहिला.

कातड्याचा खरा वैरी म्हणजे पाऊस. भिजलं की ते लांबतं, वाळलं की आखडतं. टाक्यांच्या भोकांत बुरशी धरते. तेल कमी पडलं तर चिरा जातात आणि जास्त झालं तर पट्टा लिबलिबीत होतो. पितळी बक्कल जिथे कातड्याला टेकतं तिथे हिरवं, मेणचट कीट जमतं. बोअर युद्धात (१८९९–१९०२) ब्रिटिश फौजेच्या कातडी साजाच्या खोडी उघड्या पडल्या आणि १९०८ मध्ये सुती विणीचा नवा साज मंजूर झाला. त्यामागे अँसन मिल्स या अमेरिकी सेनाधिकाऱ्यानं विकसित केलेली विणायची पद्धत होती.

ब्रिटिश फौजेच्या ली-एनफिल्ड रायफलचा पट्टाही याच घराण्यातला. आपल्याकडच्या पलंगाची नवार डोळ्यांसमोर आणा. जात तीच, फक्त वीण कितीतरी घट्ट. रुंदी साधारण सव्वा इंच. काठ मागावरच विणलेले, त्यामुळे दोरे सुटत नाहीत. दोन्ही टोकांना पितळी पत्रा दाबून बसवलेला आणि त्याच्या कडा आत वळवलेल्या. टोक कडीतून ओवून मागे घ्यायचं आणि त्या वळलेल्या कडा पट्ट्यावरच चढवायच्या की काम झालं. शिलाई नाही, भोक नाही, म्हणजे फाटायला सुरुवात व्हायला जागाच नाही. मला ही रचना कातडी पट्ट्याहून अधिक बुद्धीची वाटते. तरी पहिलं महायुद्ध पेटल्यावर विणलेला साज पुरेना, म्हणून १९१४ मध्ये ब्रिटिशांना पुन्हा कातडी साज काढावा लागला. सुतालाही बुरशी लागतेच. ओला पट्टा गुंडाळून ठेवला की कुबट होतो आणि हळूहळू कुजतो.

नायलॉन १९३५ मध्ये अमेरिकेत ड्यू पॉन्टच्या प्रयोगशाळेत वॉलेस करोथर्सच्या हाताखाली तयार झालं. दुसऱ्या महायुद्धात ते पॅराशूटला गेलं आणि नंतरच्या दशकांत पट्ट्यांत उतरलं. प्रयोगशाळेच्या प्रमाणित हवेत सूत आपल्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरतं, नायलॉन ४ टक्के आणि पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. कोकणातल्या माणसाला या आकड्यांचं मोल समजवावं लागत नाही. बोईसरच्या एमआयडीसीत आज सियारामसारख्या कंपन्या कृत्रिम धाग्याचं कापड काढतात. जवळच तारापूर अणुवीज केंद्र आहे. त्याच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांतून १९६९ मध्ये वीज सुरू झाली आणि त्याच वर्षी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल उभं राहिलं. या दलाचे जवान आज तिथे पहाऱ्याला असतात. अशा किनाऱ्यावरच्या पहाऱ्यात पट्ट्याला पावसापेक्षा उन्हाची भीती जास्त. सूर्यप्रकाशानं नायलॉनची ताकद घटत जाते, आणि वाळलेल्या खाऱ्या पाण्याचे कण धाग्यांमध्ये बसून काचतात. नेमबाजीच्या स्पर्धांत मात्र कातडी पट्ट्याचे चाहते अजून आहेत. डाव्या दंडाला आवळला की तो ताणला जात नाही आणि नेम स्थिर राहतो.

घरात आजोबा-पणजोबांचा पलटणीतला पट्टा असेल तर तो धुऊ नका, ब्रासोनं घासू नका. जुन्या कातड्याला तेल चोपडणंही टाळा; चिरा त्यानं भरून येत नाहीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, म्हणून धुतलेल्या सुती कापडात सैल गुंडाळा आणि पितळ व कातडं यांच्यामध्ये कापडाची घडी सारा. घडी करून न ठेवता तो लांब पसरून ठेवा. पितळावर किंवा पट्ट्यावर शिक्का, साल, कारखान्याची अक्षरं असतील तर त्यांचा जवळून फोटो काढा, आणि पट्टा कोणाचा, तो कुठल्या पलटणीत होता, हे कागदावर लिहून त्यासोबतच ठेवा.