वर्दीबरोबर मिळालेले घर

नांदेड परिक्षेत्रातील पोलीस वसाहतींवर लिहावे, असे संपादकांनी सुचविले तेव्हा मी प्रथम दफ्तराकडे वळलो. १९४८ च्या सप्टेंबरात संपुष्टात आलेला निजामी अंमल, १९५६ मध्ये मराठवाड्याचा मुंबई राज्यात झालेला प्रवेश, पोलिसांच्या गृहनिर्माणासाठी १९७४ साली स्थापन झालेले महामंडळ आणि १९८२ मध्ये उस्मानाबादेतून निराळा झालेला लातूर जिल्हा, एवढा इतिहास एका बैठकीत वाचून होतो. माझे चित्त मात्र १९५१ च्या पोलीस अधिनियमातील दोन कलमांपाशी खिळून राहिले. कलम २८ प्रमाणे पोलीस सदैव कर्तव्यावर आहे असेच मानले जाते. कलम ३१ प्रमाणे सरकारने दिलेले निवासस्थान नोकरी संपताच, किंवा हुकूम होईल तेव्हा, त्याने रिकामे करावयाचे असते. या दोन कलमांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत शिपायाचा संसार उभा असतो.

तो संसार पाहावा म्हणून एका सायंकाळी नांदेडातील एका पोलीस लाईनीत गेलो. हवालदाराच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरात खुंटीवर इस्त्रीचा खाकी गणवेश होता, खाली घासून लख्ख केलेल्या बकलाचा कमरपट्टा होता, आणि चुलीपाशी परातीत पीठ मळून ठेवले होते. तवा मात्र थंड होता. मी त्याकडे पाहतो आहे हे ध्यानी येऊन घरातील ताई म्हणाल्या, "यांच्या ड्यूटीचं काय सांगावं, घरी येतेत तेव्हा ती संपली म्हणायची. गाडीचा आवाज आला की मगच भाकरी टाकते." कलम २८ चा अर्थ त्या थंड तव्याने मला जितका स्पष्ट केला तितका कोणत्याही टीकाग्रंथाने केला नसता. माळेगावची यात्रा, होला महल्ला, माहूरचे नवरात्र, असा बंदोबस्त लागला की चार-चार दिवस गडी माणूस घरी नसतो; अशा वेळी आजारी लेकराला दवाखान्यात नेणारी शेजारीण, जिचा धनीही त्याच बंदोबस्तावर असतो, हाच या वसाहतीचा खरा कल्याण निधी होय.

लातुराने हे अधिक कठोर रीतीने अनुभवले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा गणेश विसर्जनाच्या बंदोबस्ताचा शीण उतरण्यापूर्वीच पोलिसांना ढिगाऱ्यांकडे धावावे लागले. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी येण्यापूर्वी, शहरातील पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी पुकारण्यात आली होती. त्या टाक्यांवर पहारा देणाऱ्या शिपायाच्या घरातील घागरही शहरातील इतर घागरींइतकीच कोरडी होती.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पोलीस कुटुंब आरोग्य योजनेने मोठ्या शस्त्रक्रियेच्या प्रसंगी अनेक घरे कर्जातून वाचविली. सेवेत मृत्यू आल्यास वारसाला अनुकंपा तत्त्वावर नोकरीची वाट आहे. आणि ज्याला सारे खाते 'डीजी लोन' म्हणते ते गृहकर्ज, मध्यंतरी खंडित झाले तरी, पुष्कळांच्या स्वप्नातील घराचा पाया ठरले. परंतु लाईनीतील घर मिळते ते प्रतीक्षा यादीत नंबर लागेल तेव्हा; तोवर भाड्याच्या खोलीत राहावे लागते आणि पोलीस म्हटल्यावर घरमालकही बिचकतो. नंबर लागला तरी किनवट-माहूरकडे बदली होते, मुलांच्या शाळेसाठी कुटुंब शहरात ठेवावे लागते, आणि एका पगारात दोन चुली पेटतात.

सर्वांत बिकट प्रश्न अठ्ठावन्नाव्या वर्षी उभा राहतो. ज्या अंगणात लेकीचे लग्न झाले ते अंगण कलम ३१ अन्वये सोडावे लागते, आणि उपदान व भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हातात घेऊन हवालदार उतारवयात भूखंड शोधत फिरतो. मुंबईच्या बीडीडी चाळींतील पोलिसांना १५ लाख रुपयांत मालकीचे घर देण्याचा निर्णय २०२२ मध्ये झाला. तो त्या चाळींपुरता होता, नांदेड-लातूरच्या लाईनींना त्याचा लाभ नाही.

कलम ३१ रद्द करा, असे कोणी म्हणणार नाही. जुन्याने जागा सोडल्याखेरीज नव्याचा नंबर लागणार नाही. मागणे एवढेच आहे की, शिपाई भरती होतो त्याच वर्षी त्याच्या निवृत्तीनंतरच्या घराची तजवीज सुरू व्हावी, जिल्ह्याच्या ठिकाणी पोलिसांच्या सहकारी गृहसंस्थांना जमीन मिळावी आणि गृहकर्जाची योजना पुन्हा कधी खंडित होऊ नये. तीस-पस्तीस वर्षे आपल्या दारावर ज्याने पहारा दिला, त्याला अखेरीस स्वतःचे दार असावे, हे पाहण्याची जबाबदारी सरकारची आहे, आणि त्या सरकारला याची आठवण देत राहण्याची जबाबदारी तुमची-माझी आहे.