रिश्टरची पट्टी कुठं मिळते?

डहाणू-तलासरीतल्या मुलांना एक इंग्रजी शब्द शाळेनं शिकवायच्या आधीच जमिनीनं शिकवला. नोव्हेंबर २०१८ मध्ये इथं धक्के बसायला लागले. धुंदलवाडीच्या आसपास तर लोक थंडीत घर सोडून तंबूत झोपले, कुठं कुठं शाळा उघड्यावर भरली. आणि दर धक्क्यानंतर एकच प्रश्न : किती रिश्टर स्केलचा होता?

आता जरा कंपासपेटी उघडा. त्यातली प्लॅस्टिकची पट्टी, तीही स्केल. पेटीवर गाणं शिकवणारे गुरुजी विचारतात, "तुझी स्केल कुठली?" दातांचे डॉक्टर करतात ते स्केलिंग. ताईला नोकरी लागली की शेजारच्या काकांना तिची पे-स्केल कळल्याशिवाय चैन पडत नाही. भूकंप, दात, गाणं आणि पगार यांचा एकमेकांशी संबंध काय?

सगळ्यांचा तरी नाही! कारण ही स्केल एक नाहीच. इंग्रजीत तीन वेगळे शब्द तीन वेगळ्या घरांतून आले आणि बोलता बोलता झिजून एकसारखे दिसायला लागले. एक शब्द लॅटिनमधला, त्याचा अर्थ शिडी. दुसरा जुन्या फ्रेंचमधला, म्हणजे कवच किंवा टरफल. तिसरा थेट उत्तरेकडच्या व्हायकिंग लोकांचा, म्हणजे वाडगा.

वाडग्याचं काम पटकन उरकू. तराजूची पारडी वाडग्यासारखी, म्हणून इंग्रजीत तराजू झाला स्केल. डहाणूच्या बाजारात आता बॅटरीवर चालणारे काटे आलेत. पारडी गेली, पण इंग्रजीत नाव वाडग्याचंच राहिलं.

कवचाची गोष्ट जास्त मजेची आहे. तलासरी तालुक्यातल्या झाईला किंवा डहाणूच्या बंदरावर मासे उतरतात तेव्हा बघा. माशाच्या अंगावरचे खवले म्हणजे इंग्रजीतले स्केल. पापलेटचे खवले इतके बारीक आणि सैल असतात, की नुसता हात फिरवला तरी निघून येतात. मोठ्या माशाचा एखादा खवला मिळाला तर धुऊन भिंगाखाली धरा. त्यावर बारीक वर्तुळाकार रेघा दिसतील. मासा वाढतो तसा खवलाही कडेकडेनं वाढतो. जिथं हिवाळा कडक असतो, तिथं त्या दिवसांत वाढ मंदावते आणि रेघा दाटीवाटीनं येतात. अशा रेघा मोजून शास्त्रज्ञ माशाचं वय सांगतात. आपल्या समुद्राचं पाणी बारा महिने उबदार, त्यामुळे इथल्या माशाची जन्मतारीख काढणं जरा कठीण जातं.

फुलपाखरू धरल्यावर बोटांना लागते ती रंगीत भुकटी? तेही खवलेच, म्हणून तर फुलपाखरांच्या गटाला मराठीत खवलेपंखी म्हणतात. (ती भुकटी परत चिकटत नाही हं, तेव्हा फुलपाखराला लांबूनच बघा.) शेतकरी ज्याला खवले कीड म्हणतात, ती कीड झाडाचा रस शोषत फांदीला कवचासारखी चिकटून बसते, किडा आहे हे कळतसुद्धा नाही. ती नुकसान करते, पण तिच्याच नात्यातला लाखेचा किडा मोठा उपयोगी. लाखेच्या बांगड्या आणि पत्रावर सील करायची लाख ही त्याचीच देणगी.

आता डहाणूच्या औष्णिक वीज केंद्रात चला. २५० मेगावॉटचे दोन संच, म्हणजे एकूण ५०० मेगावॉट. कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची आणि तिच्या जोरावर टर्बाइन फिरवायची. पण साधं पाणी उकळत राहिलं तर त्यातले क्षार नळ्यांच्या आत थराथरानं साचतात. बोअरवेलचं पाणी तापवणाऱ्या भांड्यात पांढरी खरबरीत पुटं धरतात ना, तशी. या पुटांनाही स्केल म्हणतात. त्यांतून उष्णता नीट जात नाही. मग आतलं पाणी पुरेसं तापत नाही आणि नळी मात्र नको इतकी तापते, प्रसंगी फुटते. म्हणून बॉयलरमध्ये सोडण्याआधी पाण्यातले क्षार काढून टाकावे लागतात. दातांवर साचतं ते कीटण याच जातीचं, लाळेतल्या क्षारांनी कडक झालेलं. डॉक्टर ते खरवडतात, म्हणून स्केलिंग.

उरली शिडी. माझ्या मते तिन्हींत हीच खरी करामती. पायऱ्या आल्या की शिडी आली. पट्टीवरचे मिलिमीटर म्हणजे पायऱ्या. पगाराच्या श्रेणीतही पायऱ्या. सा रे ग म म्हणजे सुरांची शिडी, आणि आपले गवई चढण्याला आरोह, उतरण्याला अवरोह म्हणतातच की! मराठीनं तर इथं इंग्रजीला गाठलंय. रेघ मारायची ती पट्टी आणि गायक 'काळी एक', 'पांढरी चार' सांगतात तीही पट्टीच.

रिश्टर स्केल याच शिडीच्या घरातली. चार्ल्स रिश्टर हे अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाचे शास्त्रज्ञ. १९३५ मध्ये त्यांनी ही मोजणी मांडली, बेनो गुटेनबर्ग यांनी तिला हातभार लावला. ही स्केल म्हणजे कुठलं यंत्र नाही. लोक मात्र दरवर्षी रिश्टरसाहेबांकडे येऊन "तुमची स्केल दाखवा" म्हणायचे! यंत्र वेगळं, ते म्हणजे भूकंपमापक. रिश्टर स्केल हे त्या यंत्रानं काढलेल्या रेघेवरून करायचं गणित आहे.

ते गणित कंपासपेटीतल्या पट्टीवरच करू. भूकंपाच्या जागेपासून १०० किलोमीटरवर रिश्टरच्या पसंतीचं यंत्र ठेवलं आहे असं समजा. धुंदलवाडीपासून सरळ रेषेत तेवढ्यावर मुंबईची उपनगरं येतात. त्या यंत्राची रेघ १ मिलिमीटर हलली, तर भूकंप ३ चा. १ सेंटिमीटर हलली तर ४ चा. ५ साठी १० सेंटिमीटर. इथपर्यंत तुमची १५ सेंटिमीटरची पट्टी पुरते. ६ साठी लागते १ मीटर, आणि ७ साठी १० मीटर, म्हणजे शाळेच्या छताच्याही वर! कागदावर एवढी मोठी रेघ मावणार नाही हे उघड आहे. मोठ्या भूकंपांना दुसऱ्या पद्धती लागतात, आणि आता जगभर शास्त्रज्ञ मोठ्या भूकंपात किती खडक किती सरकला त्यावरून आकडा काढतात. वर्तमानपत्रं मात्र अजून रिश्टरचंच नाव घेतात.

म्हणजे या शिडीची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या दहापट उंच. ऊर्जा बघाल तर दर पायरीला साधारण ३२ पट. १ फेब्रुवारी २०१९ ला आपल्याकडे ४.१ चा धक्का बसला. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला बसला तो साधारण ६.२ चा. फरक किती? वजाबाकीनं फक्त २.१. पण ऊर्जेत तो भरतो हजार पटींहून जास्त. आणि शून्य म्हणजे भूकंप नाही असंही नाही. रिश्टरनी शून्य ठरवलं ते रेघ मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकी हलली तर. त्याहून बारीक थरथरीला आकडा मिळतो उणे एक, उणे दोन!

मग एवढ्याशा धक्क्यांनी डहाणू-तलासरीत भिंतींना तडे का गेले? कारण हे धक्के उथळ आहेत, जमिनीखाली थोड्याच किलोमीटरवरून येणारे. म्हणून तर हादऱ्याबरोबर गडगडाट ऐकू येतो. एका मोठ्या धक्क्याऐवजी छोट्या धक्क्यांची अशी रांग लागली की शास्त्रज्ञ तिला स्वॉर्म म्हणतात. पावसाचं पाणी खडकातल्या भेगांतून खोल मुरतं आणि तिथला दाब बदलतो, हे यामागचं एक कारण असावं असं काही शास्त्रज्ञांना वाटतं.

इथं रिश्टरचा आकडा अपुरा पडतो. तो भूकंप किती मोठा ते सांगतो, तुमच्या पाड्यावर काय झालं ते सांगत नाही. त्यासाठी दुसरी शिडी आहे, इटलीच्या मर्कॅली यांच्या नावाची, बारा पायऱ्यांची. तिला यंत्र लागत नाही, लागतात माणसांचे डोळे. टांगलेली वस्तू झुलली, भांडी वाजली, झोपलेले जागे झाले, गिलावा पडला, भिंत कोसळली, अशा तिच्या पायऱ्या. एकाच भूकंपाचा रिश्टरचा आकडा एक, पण मर्कॅलीचा गावागणिक वेगळा. घर कसं बांधलंय यावरही तो ठरतो. कारवीच्या कुडाची हलकी भिंत डुलते, नीट न बांधलेली विटांची भिंत मात्र अंगावर येते.

तेव्हा पुढचा धक्का बसला तर आधी बाकाखाली शिरा, डोकं झाका, बाकाचा पाय घट्ट धरा, धावाधाव करू नका. हादरा थांबला की बाई-गुरुजी सांगतील तसे रांगेनं मोकळ्या मैदानात जा. आणि मग वहीत लिहा : तारीख, वेळ, आवाज आला का, काय काय हललं, कुठं तडा गेला. मर्कॅलीची पायरी अशाच नोंदींवरून ठरते, आणि तुमच्या पाड्यावरची नोंद तुमच्याइतकी चांगली कोण करणार?