वाटा वाचकाच्या, आखणी कोणाची?

आपल्या वसतिगृहाच्या ग्रंथालयातील सर्वांत जास्त फाटलेली आणि पुनःपुन्हा शिवलेली पुस्तके कोणती, असे कोणी विचारले तर माजी विद्यार्थी क्षणाचाही विलंब न लावता चित्रकथांच्या कपाटाकडे बोट दाखवतील. चित्रकथा कशी वाचायची हे कोणी शिकवावे लागत नाही. चौकटीमागून चौकट, डावीकडून उजवीकडे, वरून खाली. आणि शेवटच्या पानावर सर्वांसाठी एकच शेवट. परंतु चित्रकथेचा असाही एक प्रकार आहे, ज्यात कथा मध्येच थांबते आणि वाचकालाच विचारते, आता पुढे काय करायचे? वाचक जे ठरवील त्याप्रमाणे वाट बदलते आणि शेवटही बदलतो. या प्रकाराची ओळख करून द्यावी आणि एक शिक्षक म्हणून त्यातून मला जे उमगले ते मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या प्रकारातील सर्वांत नावाजलेले पुस्तक म्हणजे जेसन शिगा या अमेरिकन चित्रकथाकाराचे 'मीनव्हाइल'. शिगा यांचे शिक्षण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत झाले आणि त्यांचा विषय होता शुद्ध गणित. त्यांचे हे पुस्तक २०१० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्याच्या मुखपृष्ठावरच सांगितले आहे की यात कथेच्या ३,८५६ शक्यता आहेत. पुस्तक मात्र अवघे ८० पानांचे!

कथेचा आरंभ अगदी साधा आहे. जिमी नावाचा मुलगा आइस्क्रीमच्या दुकानात उभा आहे. व्हॅनिला घ्यावे की चॉकलेट? इतक्या क्षुल्लक निवडीतून फुटणाऱ्या वाटांपैकी काही वाटा एका शास्त्रज्ञाच्या घरात जाऊन पोहोचतात. तेथे तीन यंत्रे आहेत. एकाने दुसऱ्याच्या मनातले वाचता येते, दुसऱ्याने काळात मागे जाता येते आणि तिसरे यंत्र, त्याच्या आत बसलेल्या व्यक्तीखेरीज जगातील सर्वांचा संहार करते. जिमीने कोणत्या यंत्राला हात लावायचा, हे वाचकाने ठरवायचे. काही ठिकाणी पुढे जाण्यासाठी गुप्त संकेत लागतो आणि तो संकेत भलत्याच वाटेवर सापडतो. म्हणजे केवळ निवड करून भागत नाही. आधीच्या फेरीत पाहिलेले ध्यानात ठेवावे लागते.

ही रचना पानावर कशी उतरवली आहे, ते पाहण्यासारखे आहे. येथे चौकटी ठरावीक क्रमाने वाचायच्या नसतात. प्रत्येक चौकटीतून एक बारीक रंगीत नळी निघते आणि पुढच्या चौकटीला जाऊन मिळते. ती डावीकडे जाईल, उजवीकडे जाईल, कधी खालून वरही जाईल. निवडीचा प्रसंग आला की त्या नळीला दोन फाटे फुटतात. काही नळ्या पानाच्या कडेपर्यंत जाऊन बाहेर आलेल्या पट्टीवर थांबतात. ती पट्टी धरून पान उलटले की तीच नळी दुसऱ्या पानावर पुढे चालू झालेली दिसते. बोट नळीवर ठेवून मुले हे पुस्तक वाचतात. साप-शिडीच्या पटावर सोंगटी सरकवावी तसे ते दिसते. फरक एवढाच की तेथे फासा ठरवतो, येथे वाचणारा ठरवतो.

ही कल्पना मुळात चित्रकथेची नव्हे, तिला स्वतःचा इतिहास आहे. डोरिस वेब्स्टर आणि मेरी ऑल्डन हॉपकिन्स या दोन अमेरिकन लेखिकांनी १९३० साली वाचकाने पात्रांसाठी निर्णय घ्यावा अशा रचनेचे पुस्तक प्रसिद्ध केले होते. त्याचे शीर्षकच 'परिणामांचा विचार करा' अशा अर्थाचे होते. पुढे १९५८ साली नॉर्मन क्राउडर यांच्या पद्धतीची स्वाध्यायाची पुस्तके निघू लागली. त्यांत प्रश्नाच्या प्रत्येक पर्यायापुढे पानाचा क्रमांक दिलेला असे. चुकीचा पर्याय निवडणारा विद्यार्थी ज्या पानावर जाई, तेथे त्याला 'चूक' एवढेच ऐकवले जात नसे. त्याच्या विचारात गल्लत कोठे झाली हे समजावून त्याला मूळ प्रश्नाकडे परत पाठवले जाई. आम्हा शिक्षकांनी या तपशिलापाशी थोडे थांबावे. चुकलेल्या मुलासाठीही तेथे एक स्वतंत्र पान लिहिलेले होते.

मुलांच्या गोष्टींत ही रीत आणली ती एडवर्ड पॅकार्ड यांनी. ते व्यवसायाने वकील. रात्री मुलींना गोष्ट सांगताना एकदा त्यांना पुढचे सुचेना, म्हणून त्यांनी मुलींनाच विचारले की आता नायकाने काय करावे. दोघींनी दोन वेगळी उत्तरे दिली. त्यातून त्यांनी १९६९ साली एक पुस्तक लिहिले. अनेक प्रकाशकांनी ते नाकारले आणि शेवटी १९७६ साली एका लहान प्रकाशन संस्थेने ते छापले. १९७९ पासून मोठ्या प्रकाशन संस्थेकडून याच धर्तीची मालिका सुरू झाली आणि तिच्या कोट्यवधी प्रती जगभर खपल्या. मालिकेतील पहिल्या पुस्तकात ४० शेवट होते.

मग चित्रकथेने यात नवीन काय आणले? माझ्या मते, एक अतिशय महत्त्वाची गोष्ट आणली. शब्दांच्या पुस्तकात आपण न निवडलेली वाट दुसऱ्याच कुठल्या पानावर दडलेली असते. चित्रकथेत ती डोळ्यांसमोर असते. आपले बोट एका नळीवर असते आणि शेजारच्याच चौकटीत तोच जिमी काहीतरी निराळे करत असतो. आपण सोडलेली वाट नष्ट होत नाही, ती पानावर राहते. इतिहासाच्या अभ्यासकाला याचे मोल विशेष वाटते. पाठ्यपुस्तकात घटना एकामागून एक येतात आणि जे घडले ते तसेच घडणार होते, अशी विद्यार्थ्यांची समजूत होते. प्रत्यक्षात, घडण्याच्या क्षणी माणसांसमोर अनेक वाटा असतात आणि पुढचे पान कोणालाच दिसत नसते.

आता थोडे गणित पाहू. एखाद्या कथेत दहा वेळा निवड करायची आहे आणि दर वेळी दोन पर्याय आहेत, असे समजा. प्रत्येक फाटा शेवटपर्यंत वेगळा ठेवला तर १,०२४ शेवट होतील आणि चौकटी लागतील २,०४७. एवढे कोण काढणार? म्हणून लेखक युक्ती करतो. फुटलेले दोन फाटे तो पुढच्याच चौकटीत पुन्हा एकत्र आणतो. असे दहा वेळा केले तर केवळ ३१ चौकटींत काम भागते. वाटा तेव्हाही १,०२४ भरतात, पण शेवट उरतो एक! वाचकाने डावीकडून जावो वा उजवीकडून, त्याला नेऊन सोडले जाते एकाच ठिकाणी. चांगला लेखक या दोहोंच्या मधला मार्ग काढतो. तो काही वाटा जुळवतो, काही खऱ्या अर्थाने वेगळ्या ठेवतो आणि काही मागे वळवतो. 'मीनव्हाइल'मधल्या नळ्यांचे जाळे इतके गुंतागुंतीचे आहे की ते पानांवर बसवण्यासाठी शिगा यांना संगणकाची मदत घ्यावी लागली.

या हिशेबातून एक धडा मिळतो. पर्यायांची संख्या म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. वाटा किती आहेत याबरोबरच त्या कोठे जाऊन मिळतात हेही पाहावे लागते. आणि मुळात फाटा कोठे ठेवायचा, हे वाचक ठरवत नाही. ते चित्रकाराने आधीच ठरवलेले असते.

पॅकार्ड यांनी १९८२ साली लिहिलेल्या अंतराळयानाच्या कथेत याचे एक विलक्षण उदाहरण आहे. त्यात एका आदर्श ग्रहाचा उल्लेख येतो. तेथे पोहोचावे अशी वाचकाला ओढ लागते. पुस्तकात त्या ग्रहावर पोहोचल्याचे पानही आहे. मात्र दिलेल्या पर्यायांपैकी कोणताही पर्याय त्या पानाकडे जात नाही. सूचना काटेकोरपणे पाळणारा वाचक आयुष्यभर वाचत राहिला तरी त्याला ते पान लाभणार नाही. जो सूचना बाजूला सारून स्वतःहून पाने चाळतो, त्यालाच ते सापडते.

हे सारे मला पुस्तकातून कळले होते, परंतु समजले ते वर्गात. काही वर्षांपूर्वी आठवीच्या मुलांकडून मी अशी एक चित्रकथा करून घ्यायचे ठरवले. विषय त्यांच्या परिचयाचा घेतला. दिवाळीनंतर आईवडील टोळीबरोबर ऊसतोडणीला निघाले आहेत. वसतिगृहात शिकणाऱ्या मुलीला निरोप येतो की कोपीवर धाकट्या भावाला सांभाळायला कोणी नाही, तू चल. मी फळ्यावर चौकट काढली, मुलीचा चेहरा काढला आणि तिच्यापासून दोन नळ्या काढल्या. एक नळी 'जाते', दुसरी 'जात नाही'. मुलांनी कार्डशीटवर पुढच्या चौकटी काढायला सुरुवात केली. 'जाते' या वाटेवर शाळा सुटली. 'जात नाही' या वाटेवर भाऊ एकटा पडला आणि मुलीला रात्री झोप येईना. दोन्ही वाटांचे शेवट वाईटच होते आणि दोन्हीकडे दोष येत होता मुलीवर.

तेव्हा मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी उठली आणि म्हणाली, "सर, उचल तिनं घेतली होती का? मग ठरवायचं तिच्यावर का टाकलंय?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. इतिहासात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या, परिणामाआधी कारण शोधावे असे वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या माणसाने फाटा चुकीच्या ठिकाणी काढला होता. आम्ही फळा पुसला. मुलांनी कथा मागे नेली. पहिला फाटा आता वडिलांच्या चौकटीतून निघाला: मुकादमाकडून उचल घ्यायची की नाही आणि घेतली तर किती. तेथून दुसरी नळी मुकादमाकडे गेली. कोणी आजीची चौकट जोडली, कोणी गावातल्या अंगणवाडीची. एका मुलाने आईची चौकट काढली आणि तिला काय वाटते हे कोणी विचारलेच नाही, असे तिच्याखाली लिहिले. दोन तासिकांत कार्डशीट अपुरी पडली आणि दुसरी चिकटवावी लागली. सगळे शेवट गोड झाले असे नाही. परंतु एकट्या मुलीच्या डोक्यावरचा भार पुष्कळ चौकटींत वाटला गेला.

पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना म्हणूनच एक विनंती आहे. अशी पुस्तके मिळाली तर मुलांबरोबर अवश्य वाचा. वाचून झाल्यावर "तुझा शेवट कोणता आला?" एवढेच विचारून थांबू नका. तू कोणती वाट सोडलीस, दोन वाटा पुन्हा कोठे एक झाल्या आणि येथे तिसरी वाट का काढली नसेल, हेही विचारा. विकतचे पुस्तक नाही मिळाले तरी अडत नाही. एक कार्डशीट, पेन्सिल, खोडरबर आणि घरातलाच एखादा खरा प्रसंग पुरे आहे. आठ-दहा चौकटींपासून आरंभ करावा. नळ्या आधी पेन्सिलीनेच काढाव्यात, कारण त्या हमखास बदलाव्या लागतात. पहिला फाटा कोणाच्या चौकटीतून काढायचा, हे मात्र मुलांनाच ठरवू द्यावे.