हाडांच्या डॉक्टर बाई असतात तेव्हा

आई न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि तिचा उजवा खांदा निखळला. अपघात विभागात एक तरुण डॉक्टर तपासायला आल्या. कळवळत असतानाही आईने विचारलं, "सिस्टर, मोठे डॉक्टर कधी येणार?" "आजी, हाडांची डॉक्टर मीच आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. एक्स-रेत कुठे हाड मोडलेलं नव्हतं. त्यांनी वेदनाशामक दिलं, आईला पालथं झोपवलं, दुखरा हात पलंगाच्या कडेने खाली सोडला आणि मनगटाला वजन बांधलं. पंधरा-वीस मिनिटांत स्नायू सैलावले आणि सांधा आपसूक जागेवर बसला.

"हाडांचं काम रग असलेल्या पुरुषाचं" हा गैरसमज आमच्या घरातही होता. प्रत्यक्षात निखळलेला सांधा अडतो तो आखडलेल्या स्नायूंमुळे. म्हणून ते सैल करायचे असतात, त्यांच्याशी झुंजायचं नसतं. खांदा बसवायची ही रीत स्टिम्सन यांच्या नावाने ओळखली जाते आणि ती शंभर वर्षांहून जुनी आहे. मांडीचं हाड मोडलं तर शस्त्रक्रियेत पाय ताणून धरायला ट्रॅक्शन टेबल असतं, हाडाला भोक पाडायला पॉवर ड्रिल असतं. जोर लागतोच तिथे पुरुष सर्जनही मदतनीस घेतात. खरा त्रास हत्यारांचा आहे. बऱ्याच हत्यारांच्या मुठी मोठ्या पंजाच्या मापाने घडवलेल्या असतात, त्यामुळे लहान हाताला त्या नीट पेलत नाहीत. दोष हाताचा नाही, मुठीचा आहे.

"बाईच्या हातून ऑपरेशन म्हणजे जोखीम" असंही बोललं जातं. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात वेगवेगळ्या शस्त्रक्रियांच्या लाखभर रुग्णांची पाहणी झाली, ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. स्त्री सर्जनच्या रुग्णांमध्ये पहिल्या तीस दिवसांतले मृत्यू किंचित कमी आढळले. फरक छोटा आहे, पण भीतीला आधार देणारा नक्कीच नाही.

"मुलींनाच ही शाखा नको असते" हे मला सर्वांत खोटं वाटतं. अमेरिकेत आज वैद्यकीय विद्यार्थ्यांत निम्म्याहून अधिक मुली आहेत, पण अस्थिशल्यविशारदांमध्ये स्त्रिया २०२१ मध्ये सहा टक्क्यांच्या आसपासच होत्या. तिथे या शाखेच्या बोर्डाची परीक्षा उत्तीर्ण होणारी पहिली स्त्री रूथ जॅक्सन, साल १९३७. आपल्याकडे मुलीने ऑर्थो म्हटलं की घरचे, कधी शिक्षकही, सांगतात, "स्त्रीरोग घे, बालरोग घे, संसार सांभाळता येईल." वर्षानुवर्षं हेच ऐकवायचं आणि मग नावडीचं खापर तिच्यावरच फोडायचं, हा सरळ अन्याय आहे.

एक भीती मात्र पोकळ नाही: क्ष-किरणांची. ऑपरेशन चालू असताना सी-आर्म या क्ष-किरण यंत्रावर हाड पाहावं लागतं, म्हणून शिशाचा एप्रन घालतात. त्याची बाही कापलेली आणि माप मोठं असेल, तर काखेजवळचा स्तनाचा भाग उघडा राहतो. अमेरिकेतल्या महिला अस्थिशल्यविशारदांच्या सर्वेक्षणात स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण सर्वसाधारण स्त्रियांपेक्षा जास्त आढळलं. त्यावर उपाय म्हणजे नेमक्या मापाचा एप्रन, काख झाकणारी बाही आणि यंत्रापासून अंतर: अंतर दुप्पट झालं की किरणांची मात्रा साधारण चौथाईवर येते. गरोदरपण कळवल्यावर पुढच्या काळात गर्भाला एक मिलीसिव्हर्टपेक्षा जास्त मात्रा मिळता कामा नये, अशी आपल्या अणुऊर्जा नियामक परिषदेची मर्यादा आहे. मात्रा मोजायला बिल्ला असतो. तेव्हा "गरोदर आहेस, ऑर्थो सोड" हा सल्ला चुकीचा, "तुझ्या मापाचा एप्रन मागवलाय" हे उत्तर बरोबर.

तुमच्या घरातल्या लेकीने नीट-पीजीनंतर ऑर्थो घ्यायचं म्हटलं, तर तिला अडवू नका. जिथे ती शिकणार आहे तिथे तिच्या मापाचा एप्रन आहे का, एवढं जरूर विचारा.