गाडी चढेना, गिअर पडेना
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

पावसाळ्यात माळशेज घाटात लोक धबधबे पाहायला येतात. आमच्या मुरबाडकडच्या टेम्पोवाल्यांना मात्र तिथे धबधबा दिसत नाही. त्यांचं सगळं लक्ष कानात असतं आणि कान इंजिनाकडे. आवाज जरा बदलला की हात आपोआप गिअरच्या दांड्यावर जातो. आमच्या घरात अब्बांपासून सगळे स्टिअरिंगवर बसलेले. मी एकटा बी.ए. होऊन कवितेच्या नादी लागलो. तरी लहानपणापासून जेवताना ऐकलं ते क्लच, गिअर आणि डिझेलचंच बोलणं. त्यातलं थोडं आज आपल्याला सांगणार आहे.

काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये माझा चुलतभाऊ तांदळाच्या गोण्या घेऊन मुरबाडहून आळेफाट्याकडे निघाला होता. टोकावडे मागे पडलं, चढ लागला आणि टेम्पो वेगळंच वागू लागला. अ‍ॅक्सिलेटर दाबला की इंजिन गरजे, पण गाडीचा वेग वाढायच्या ऐवजी कमी होई. केबिनमध्ये जळका वास पसरला. कशीबशी गाडी वळवून त्याने गॅरेज गाठलं. "क्लच प्लेट गेली," असं सांगून तिथे नवी प्लेट बसवून दिली. पंधरा दिवसांत पुन्हा तेच, आणि या वेळी ऐन घाटात, वळणावर, धुक्यात. गाडी थांबली आणि मागे सरकू लागली. किन्नर पोरगा उडी टाकून उतरला, त्याने चाकामागे दगड लावला, म्हणून चुलतभाऊ आज आहे.

पुढे शहापूरच्या एका म्हाताऱ्या उस्तादांनी ती गाडी खोलली. इंजिनाच्या मागच्या बाजूचं ऑइल सील गळत होतं आणि ते तेल क्लच प्लेटवर येत होतं. नवी प्लेटही त्यात भिजली होती. "प्लेट गेली हे बरोबर होतं, पण का गेली हे कुणी विचारलंच नाही," उस्ताद म्हणाले. सील किरकोळ किमतीचं असतं. पण ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावी लागते, आणि ती तर आधी एकदा उतरवलेली होतीच! छोट्या मालकाच्या दृष्टीने ही चूक म्हणजे महिन्याचा हप्ता बुडाला.

आता क्लच म्हणजे नेमकं काय? इंजिनाला एक जड चाक जोडलेलं असतं, फ्लायव्हील. इंजिन चालू असेपर्यंत ते फिरतच राहतं. त्याच्या शेजारी क्लच प्लेट असते, आणि ती गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसवलेली असते. स्प्रिंगच्या जोराने प्रेशर प्लेट या क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते. दोन तळहात एकमेकांवर घट्ट दाबले की एक फिरवल्यावर दुसराही फिरतो, तसंच हे. पायाने पेडल दाबलं की हा दाब सुटतो आणि इंजिन व चाकं वेगळी होतात. पाय उचलला की पुन्हा जुळतात. म्हणून क्लचची दुखणी मूळ दोनच. धरायचं तेव्हा न धरणं हे एक आणि सोडायचं तेव्हा न सोडणं हे दुसरं.

चुलतभावाच्या गाडीचं दुखणं पहिलं होतं. प्लेट झिजली, तेलकट झाली किंवा पेडलला थोडाही खेळ उरला नाही की क्लच घसरतो. हा खेळ म्हणजे पेडल दाबताना सुरुवातीला जे सैल अंतर जाणवतं ते. अनेक गाड्यांत ते केबलवरून कमीजास्त करता येतं. ते संपलं की पाय वर असतानाही पेडल थोडं दाबल्यासारखंच राहतं. काही ड्रायव्हर क्लचवर पाय ठेवून विसावतात, त्याचाही परिणाम हाच. चढावर ब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी तोलून धरायची सवय तर प्लेट जाळायची हमखास युक्ती आहे. पारख सोपी आहे. सपाट जागी, समोर मोकळं असताना हँडब्रेक घट्ट ओढावा, वरचा गिअर टाकावा आणि क्लच हळूहळू सोडावा. क्लच धरत असेल तर इंजिन गचका देऊन बंद पडेल. तसंच चालू राहिलं तर क्लच घसरतोय. ही परीक्षा एकदाच घ्यावी, वारंवार घेतली तर प्लेट परीक्षेतच संपेल.

दुसऱ्या दुखण्यात पेडल तळाला टेकलं तरी गिअर पडत नाही, करकर वाजतो, विशेषतः रिव्हर्स. इथे लोक घाईने गिअरबॉक्सला दोष देतात. उस्तादांची रीत अशी : गाडी उभी असताना इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून पाहायचे. बंद असताना लोण्यात सुरी जावी तसे पडतात आणि इंजिन चालू केल्यावर अडतात, तर खोट क्लचची आहे. केबल ताणली असेल, क्लचचं तेल गळत असेल किंवा त्यात हवा शिरली असेल. बंद असतानाही अडत असतील तर मात्र दांडा, जोडण्या आणि शेवटी गिअरबॉक्स पाहावी. एकच गिअर करकरत असेल तर त्या गिअरचा सिंक्रो झिजलेला असतो, सगळेच करकरत असतील तर पुन्हा क्लचकडेच यायचं.

आमच्याकडे याचा खास पावसाळी प्रकार आहे. शहापूर-मुरबाडच्या वीटभट्ट्या पावसाच्या आधी बंद होतात आणि गाड्या दोन-चार महिने ताडपत्रीखाली उभ्या राहतात. दमटपणाने गंज धरतो आणि क्लच प्लेट फ्लायव्हीललाच चिकटून बसते. दिवाळीनंतर मालक गाडी सुरू करतो तर एकही गिअर पडत नाही. पावसाळ्यात अधूनमधून गाडी सुरू करून अंगणातच दोन पावलं मागे-पुढे केली तर ही वेळ सहसा येत नाही.

पेडल नसलेला क्लचही असतो. पुण्याच्या कायनेटिकने १९७२ साली आणलेली लूना आपल्यापैकी अनेकांनी चालवली असेल. तिच्यात इंजिनाचा वेग वाढला की क्लचच्या पट्ट्या बाहेर फेकल्या जातात आणि भोवतीच्या वाटीला धरतात. अगदी हाच क्लच मला एका खेळण्यात भेटला. भाच्याने दुबईहून मुलासाठी रिमोटवर चालणारा ट्रक आणला होता. सेलवरचा नव्हे, खऱ्या इंजिनाचा; मिथेनॉल आणि नायट्रोमिथेन यांच्या मिश्रणावर धावणारा. एक दिवस तो उभ्या उभ्या पुढे सरकू लागला. पोराने गिअरबॉक्स खोलून दातेरी चाकं ताटलीत मांडली. मी म्हटलं, "बेटा, आधी इंजिन हळू कर." रिकाम्या चालीचा वेग जास्त असेल किंवा क्लचच्या स्प्रिंगा सैल झाल्या असतील, तर पट्ट्या नको तेव्हा धरतात. उलट इंजिन किंचाळतं पण चाकं फिरत नाहीत, तेव्हा पट्ट्या झिजलेल्या किंवा तेलकट असतात, नाहीतर मोठ्या दातेरी चाकाचे दाते गेलेले असतात. त्या ट्रकला दोन गिअर होते आणि दुसरा आपोआप पडे. तो फार लवकर पडला की ट्रक धापा टाकी. मग एक बारीक स्क्रू किंचित आवळायचा आणि चालवून पाहायचं. दोन स्क्रू एकदम फिरवले तर कशाने बरं झालं ते कळत नाही. ट्रक सुधारला, पण ताटलीतला एक बारीक वॉशर शेवटपर्यंत सापडला नाही.

घाटाकडे परत येऊ. कसाऱ्याहून इगतपुरीला चढताना सदतीस फुटांमागे एक फूट चढ आहे, म्हणून रेल्वेला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. आपल्या टेम्पोला मागून ढकलणारं कुणी नाही, त्याचं जादा इंजिन म्हणजे खालचा गिअर. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा सुरू झाला आणि बोगद्यामुळे पुष्कळ गाड्यांचा कसारा घाट टळला. माळशेजला मात्र चढणं-उतरणं आहेच.

उतरण्यात जास्त धोका आहे. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे मी पाहिले आहेत. आजच्या इंजिनांत गिअर टाकलेला असताना अ‍ॅक्सिलेटरवरून पाय काढला की उतारावर डिझेल जवळजवळ बंदच होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. म्हणजे बचतही नाही. शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. तेव्हा खालचा गिअर आठवतो, पण वेगात तो पडत नाही. ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, आणि तो घाट सुरू होण्याआधीच टाकायचा. उतरताना गिअर आपोआप सुटून न्यूट्रल होत असेल तर दांडा हाताने दाबून धरून गाडी चालवू नये. आतले भाग अधिक झिजतात आणि एका वळणावर हात उचलावा लागतोच. अशी गाडी घाटात न्यायचीच नाही.

आणि घाटात बंद पडलीच तर? गिअरमध्ये ठेवली की गाडी जागची हलत नाही, असा सर्वांचा समज असतो. क्लच घसरत असेल तर तो खोटा ठरतो, कारण गिअर आणि इंजिन यांना जोडणारी कडीच सैल झालेली असते. चुलतभाऊ त्या दिवशी नेमका इथेच फसला. त्याने पहिला गिअर टाकला, हँडब्रेक ओढला आणि इंजिन बंद करून तो निश्चिंत झाला. हँडब्रेकला तेवढा भार पेलला नाही. तेव्हा आधी दगड, मग गिअर. आता त्याच्या सीटखाली लाकडाचे दोन पाचरीसारखे ठोकळे असतात, आणि घाटात गाडी थांबली की इंजिन बंद होण्याआधी किन्नर ते घेऊन खाली उतरलेला असतो.